अठराव्या वर्षानंतरचा पत्ता

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर चाळले, तर १ जूनला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते. खरी तारीख घरच्यांना आठवत नसे, गुरुजींना पट भरायचा असे, आणि पहिलीला वय बरोबर बसावे म्हणून १ जून लिहून सगळे मोकळे होत. आई-बाप असलेल्या माणसाला ही तारीख आयुष्यभर थट्टेचा विषय पुरवते. बालगृहात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र थट्टा संपते, कारण त्याचा तिथला मुक्कामच जन्मतारखेला बांधलेला असतो. कागदावर अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने तो बालक राहत नाही, आणि बालगृह बालकांसाठी असते.

ही तारीख कशी ठरते तेही पाहण्यासारखे आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये त्याचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे. ते नसेल तर महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी, म्हणजे मुख्यतः एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून बांधलेला अंदाज. स्टेशनवर सापडलेल्या, गावाचे नावही सांगता न येणाऱ्या मुलाचे वय याच शेवटच्या वाटेने कागदावर येते. अशा अंदाजात एक-दोन वर्षे इकडची तिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनीही मान्य केले आहे. पण एकदा तारीख फायलीत गेली की ती दगडावरची रेघ.

त्यात ही मुले शाळेत बहुधा उशिरा येतात. कोणी वीटभट्टीवर होते, कोणी फलाटावर, कोणाची मधली दोन वर्षे आईच्या आजारपणात गेलेली. त्यामुळे अठरा पूर्ण होतात तेव्हा एखादा बारावीत असतो, एखादी नुकतीच अकरावीत गेलेली असते. शिक्षण चालू असेल तर पुढचा मुक्काम बालकल्याण समितीच्या आदेशावर, अधीक्षकांच्या तळमळीवर आणि संस्थेकडे जागा आहे की नाही यावर अवलंबून. आपल्याच कायद्यांची गंमत अशी की मुलगा एकविसाव्या वर्षाआधी लग्न करण्याइतका जाणता होत नाही, आणि महाराष्ट्रात कडक दारूचा परवाना त्याला पंचविशीपर्यंत मिळत नाही. खोली शोधणे, भाडे भरणे आणि एकट्याने जगणे मात्र त्याला अठराव्या वर्षी जमेल, असे गृहीत धरलेले आहे. पूर्वीची स्थिती तर याहून कडक होती. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षीच बालपणाच्या व्याख्येबाहेर पडत असे. २००० च्या कायद्याने मुलांसाठीही ती रेघ अठरावर आणली.

मावळ तालुक्याला हा विषय परका नाही. भाजे गावात ‘संपर्क’ संस्थेचे बालग्राम आहे, लोणावळ्यात अंतरभारती बालग्राम आहे. बालग्रामाची कल्पना जगभर पोचवली ती हर्मान ग्माइनर या ऑस्ट्रियन माणसाने. दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्याने १९४९ मध्ये इम्स्ट या गावी पहिले बालग्राम उभे केले. मोठ्या बराकीऐवजी छोटी छोटी घरे, प्रत्येक घरात काही मुले आणि त्यांची एक आई. पुण्यात येरवड्याला आणि मराठवाड्यात लातूरलाही त्याच परंपरेतली एसओएस बालग्रामे आहेत. ‘पोरांना कोंडवाड्यात नको, घरासारखे ठेवा’ हा विचार त्यामुळे आपल्याकडे रुजला. तरी घरासारखे आणि घर यांतला फरक अठराव्या वर्षी उघडा पडतो. घरातून नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा शनिवारी परत येतो, नोकरी सुटली तर महिनाभर आईच्या जिवावर राहतो, आजारी पडला तर त्याला घ्यायला कोणीतरी जाते. संस्थेतून बाहेर पडलेल्याची खाट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाला द्यावी लागते. त्यात संस्थेचा दोष नाही. मंजूर मुलांची संख्या ठरलेली, अनुदान त्या संख्येवर, आणि बाहेर प्रतीक्षेत असलेला सात वर्षांचा पोर.

मावळ हा पुणे-मुंबई रस्त्यावरचा तालुका. त्यामुळे इथल्या संस्थांना पाहुण्यांचा तोटा नसतो. शनिवार-रविवारी गाड्या येतात, केक कापला जातो, वह्या, दप्तरे, रेनकोट वाटले जातात. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध. हे वाईट मुळीच नाही. पण दान लहान मुलांकडे वळते. सहा वर्षांच्या मुलीला बाहुली देणारे शंभर जण मिळतात. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खोलीचे डिपॉझिट भरणारा एक मिळत नाही. मिसरूड फुटलेल्या पोरासोबत फोटो काढायलाही कोणी उभे राहत नाही. (तसा लहानांसोबत फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणेही चुकीचेच आहे. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे.)

मग कायदा या मोठ्या मुलांसाठी काय म्हणतो? सरकारी भाषेत त्याला अनुरक्षण म्हणतात. २०१५ च्या कायद्यात संस्था सोडलेल्या अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांना आर्थिक किंवा इतर आधार देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ती तेवीसपर्यंत वाढवली. हे नियम कागदावर तरी फार समंजस आहेत. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीपुढे ठेवायचा. सहा ते आठ तरुणांनी एकत्र राहावे अशी तात्पुरती गटघरे काढायची. शिकत असेल तर शिष्यवृत्ती, काही कसब शिकत असेल तर विद्यावेतन, धंदा काढायचा असेल तर कर्ज मिळवून द्यायला मदत. बोलायला समुपदेशक. पैसे थेट त्याच्या बँक खात्यात. मदत करू इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्ती यांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची. महाराष्ट्राने स्वतःचे नियम २०१८ मध्ये केले.

गोम मूळ कलमात आहे. संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देण्याची कलम ४६ ने मुभा दिली, सक्ती केली नाही. अठराव्या वर्षापर्यंत सांभाळ हा मुलाचा हक्क. त्यानंतरचा आधार ही शासनाची मर्जी, तीही निधी असेल तर. उदयन केअर या संस्थेने महाराष्ट्रासह पाच राज्यांत चारशेहून अधिक तरुणांशी बोलून २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एक साधी पण झोंबणारी गोष्ट पुढे आली: अनुरक्षण नावाची काही योजना आहे, हेच अनेकांना माहीत नव्हते. जी गोष्ट माहीतच नाही, ती मागायची कशी?

पैशांचा हिशेब मांडून पाहू. मिशन वात्सल्य या योजनेत अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा. चार हजार म्हणजे दिवसाला सुमारे १३३ रुपये. खोली, दोन वेळचे जेवण, लोकलचा पास, मोबाइलचे रिचार्ज, सगळे त्यात. लोणावळ्यात राहणाऱ्या वाचकाला यावर वेगळे भाष्य नको. तरीही ही रक्कम वेळेवर आणि सलग मिळाली तर मोठा आधार आहे, कारण ती पगाराला जोड म्हणून उभी राहते.

हेच शासन वेगळे वागू शकते, याचा पुरावा कोविडने दिला. आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २९ मे २०२१ रोजी योजना जाहीर केली. अठराव्या वर्षी त्या मुलाच्या नावे १० लाखांचा निधी, त्यातून तेवीस वर्षांपर्यंत दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी पूर्ण रक्कम. महाराष्ट्र शासनाने अशा मुलांच्या नावे ५ लाखांची मुदतठेव ठेवली, तीही एकविसाव्या वर्षी मिळेल अशी. म्हणजे अठराव्या वर्षी मूल स्वतःच्या पायावर उभे राहत नाही, त्याला पाच वर्षांचा पूल लागतो, हे शासनाला नीट कळते. तोच पूल क्षयाने, अपघाताने किंवा दारूने आई-बाप गेलेल्या मुलाला का नाही, याचे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

पण पैशांपेक्षाही आधी अडते ते पत्त्यावर.

लोणावळ्यात खोली भाड्याने घ्यायची म्हटले की घरमालक काय मागतो? आधार कार्ड, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती, आणि ‘ओळखीचे कोण आहे?’ आधारवर पत्ता संस्थेचा. तो वाचून घरमालकाच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो या मुलांना सवयीचा झालेला असतो. बालगृह आणि सुधारगृह यांत लोक फरक करत नाहीत. निराधार म्हणून ठेवलेल्या मुलाकडे ‘काहीतरी केले असेल’ या नजरेने पाहिले जाते. भरीस भर म्हणजे पर्यटनाच्या गावात रिकामी खोली महिन्याने देण्यापेक्षा शनिवार-रविवारी देणे मालकाला परवडते.

त्यामुळे बरीच मुले राहण्या-खाण्यासकट मिळणारी नोकरी धरतात. लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले, पवनेकाठचे तंबू, कार्ल्याच्या बाजूची रिसॉर्ट, बंगल्यांची राखण, चिक्कीचे कारखाने. पावसाळ्यात भुशी धरणाकडे गाड्यांच्या रांगा लागतात तेव्हा इथे कामाला माणूस पुरत नाही. अठरा वर्षांच्या पोराला सकाळी सांगितले तर संध्याकाळी काम मिळते. डोक्यावर छप्पर, पोटाला जेवण, हातात थोडे पैसे. यात सापळा असा की छप्पर मालकाचे असते. पगार थकला तरी बोलता येत नाही, कारण भांडण झाले तर त्याच रात्री नोकरीबरोबर घरही जाते. हंगाम ओसरला की माणसे कमी होतात, आणि आधी कमी होतो तो ज्याच्या मागे विचारायला कोणी येणार नाही. शिवाय बारा-चौदा तासांच्या कामात बारावी, आयटीआय, संगणकाचा कोर्स, सगळे मागे पडते. सहा महिन्यांसाठी धरलेली नोकरी सहा वर्षे चालते.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला चित्र निराळे असू शकते. तळेगाव, नवलाख उंबरे आणि थोडे पुढे चाकण या पट्ट्यात कारखाने आहेत. आयटीआय झालेल्या मुलाला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह काम शिकता येते. तळेगावला फुलशेती आणि काढणीपश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी केंद्रे आहेत. लोणावळा-पुणे लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव असे थांबे घेत पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांपर्यंत पोचवते. वाट आहे, पण ती दोन-तीन वर्षांची आहे, आणि त्या दोन-तीन वर्षांत राहायचे कुठे हा प्रश्न सुटल्याशिवाय तिच्यावर पाऊल टाकता येत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात चेहरा मिळाला तो अमृता करवंदे यांच्यामुळे. त्या गोव्यातल्या अनाथालयात वाढल्या. अठरा पूर्ण झाल्यावर पुण्यात आल्या आणि पहिली रात्र त्यांनी पुणे रेल्वे स्थानकावर काढली. मिळेल ते काम करत पदवी घेतली आणि २०१७ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. तिथे अडथळा आला तो प्रमाणपत्राचा. नॉन-क्रीमीलेअरचा कागद कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळतो. ज्यांना कुटुंबच नाही त्यांनी तो कुठून आणायचा? त्यांनी थेट तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत म्हणणे नेले. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण मिळाले. पुढे २०२१ आणि २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले असे दोन गट झाले. २०२४ मध्ये शासनाने मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, त्यात या दोन्ही गटांतल्या अनाथ मुलांचा, मुलगे धरून, समावेश केला. वर्तमानपत्रांतून ‘मुलींना मोफत शिक्षण’ एवढेच गाजले; अनाथ मुलग्यांचा उल्लेख मागेच पडला. मावळातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलाला अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राला जायचे असेल तर हे माहीत असणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे आहे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र. ते मूल संस्थेत असतानाच काढायला हवे. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी, समितीचा आदेश, संस्थेचे पत्र, पोलिसांचा अहवाल हे जमवताना तरुणाची दमछाक होते, आणि दर हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते. बाकी कागदांचेही तसेच. पंधराव्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक नव्याने द्यावे लागते. अल्पवयीन म्हणून उघडलेले बँक खाते अठराव्या वर्षी पुन्हा केवायसी करून स्वतःच्या सहीवर आणावे लागते, नाहीतर ते गोठते. मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. अधिवास प्रमाणपत्र, पॅन, आरोग्याच्या जुन्या नोंदी, शाळा सोडल्याचा दाखला. एका फायलीत बसणारे हे कागद ज्या संस्थेने सतराव्या वर्षी तयार ठेवले, तिने त्या मुलाची दोन वर्षे वाचवली असे समजावे. आणि त्या फायलीच्या झेरॉक्स संस्थेकडेही हव्यात, कारण पहिल्याच पावसाळ्यात, पहिल्याच खोलीत ती भिजण्याची शक्यता दांडगी.

काही अडचणी इतक्या किरकोळ दिसतात की त्या कुठल्याच योजनेत बसत नाहीत. महाविद्यालयाचे वसतिगृह दिवाळीत आणि मे महिन्यात बंद होते. सगळी मुले बॅगा भरतात तेव्हा या मुलाने कुठे जायचे? दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या कागदावर ‘नातेवाइकाची सही’ मागतात. नोकरीच्या अर्जात ‘वारस’ असा रकाना असतो आणि तो पाहून पोरगा गोंधळतो. खरे तर भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांनुसार ज्याला कुटुंब नाही त्याला कोणाचेही नाव लावता येते. लग्न झाले की ते आपोआप रद्द होते आणि नव्याने भरावे लागते. हे त्याला सांगणारे कोणी हवे. आपल्या मुलांना या गोष्टी आपण कधी शिकवल्या तेही आपल्याला आठवत नाही; त्या जेवता-जेवता कानावर पडल्या.

संस्थेत वाढलेल्या मुलाच्या कानावर त्या पडत नाहीत, कारण तिथले जेवण घंटेवर होते. डाळीचा भाव, गॅसची टाकी, विजेचे बिल, उसने दिलेले पैसे परत मागणे, घराची किल्ली सांभाळणे, हे सगळे ऑफिसात चालते. शिस्त भरपूर मिळते, निवड करण्याची सवय मिळत नाही. एकदम हातात पहिला पगार येतो आणि पंधरा दिवसांत मोबाइलवर जातो. मग लोक म्हणतात, ‘बघा, दिले तरी टिकत नाही.’ पंधराव्या वर्षापासून महिन्याला थोडे पैसे हातात देऊन, बाजारहाट करायला लावून, हिशेब चुकू देऊन हे शिकवता येते. नियमांत सांगितलेली सहा-आठ जणांची गटघरे त्यासाठीच आहेत. ती तालुक्याच्या ठिकाणी, कॉलेज आणि स्टेशनजवळ हवीत, संस्थेच्या आवारात नकोत.

मुलींच्या बाबतीत एक जुना तोडगा आपल्याकडे अजून चालतो: लग्न. अठरा झाली, स्थळ आले, संस्थेच्या मांडवात थाटात लग्न लावले, कन्यादानाला मोठा माणूस बोलावला, बातमी छापून आली. काही संसार चांगले होतात, हे मान्य. पण पुनर्वसनाच्या रकान्यात लग्न लिहून फाइल बंद करणे मला पटत नाही. ज्या मुलीला भांडून परत यायला माहेर नाही, तिला आधी नोकरी आणि स्वतःचे खाते हवे. लग्न तिने नंतर, तिच्या मनाने करावे.

आणि ज्यांना कधीच एकट्याने राहता येणार नाही त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर हा प्रश्न अनेक वर्षे मांडत आहेत. त्यांच्याकडची मुले मतिमंद, मूकबधिर, अंध. त्यांनी सव्वाशेच्या आसपास मुलांना स्वतःचे आडनाव दिले. दिव्यांग अनाथाला अठराव्या वर्षी बाहेर काढणारी तरतूद बदला, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी, जळगाव स्थानकावर सापडलेली आणि त्यांच्या छायेत वाढलेली माला पापळकर ही अंध मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिकपदासाठी निवडली गेली. लोकांनी कौतुक केले ते तिच्या जिद्दीचे, आणि ते योग्यच. पण अठराव्या वर्षी तिला कोणी घराबाहेर काढले नाही, ही गोष्ट त्या यशात तेवढीच मोलाची आहे. सिंधुताई सपकाळांनीही वयाच्या दाखल्याकडे पाहून कधी मुलाला दार दाखवले नाही. मोठी झालेली मुले संस्थेच्या कामात, धाकट्यांच्या सांभाळात राहिली.

संस्थेबाहेर वाढणाऱ्या मुलांकडे तर कोणाचे लक्षच नसते. आजीकडे, मामाकडे राहणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढवण्याच्या प्रतिपालकत्व योजनेची नवी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०२४ मध्ये काढली. दोन्हीकडे रक्कम अठराव्या वर्षी थांबते. मामाच्या घरात ती रक्कम किराण्यात मिसळून गेलेली असते. ती थांबली की मामीच्या बोलण्यातला सूर बदलतो आणि मुलगा कॉलेज सोडून हॉटेलात कामाला लागतो. त्याची नोंद कुठेच होत नाही.

बाहेरच्या देशांनी यावर बराच काळ विचार केला आहे. इंग्लंडने २००० मध्ये स्वतंत्र कायदा करून अशा प्रत्येक तरुणाला एक सल्लागार आणि पुढचा लेखी आराखडा देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. २०१४ पासून तिथे प्रतिपालक कुटुंबात एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येते आणि २०१७ च्या कायद्याने सल्लागाराची सोबत पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवली. अमेरिकेने १९९९ मध्ये यासाठी वेगळा निधी काढला आणि २००८ मध्ये राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत सांभाळ वाढवण्याची वाट करून दिली. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे, हे खरे. पण नाव-गाव माहीत असलेला एक ठरलेला माणूस पाच-सात वर्षे त्या तरुणाच्या मागे असणे, याला फार पैसा लागत नाही.

आपल्याकडेही ही बुद्धी नवी नाही. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, आजचे पुणे विद्यार्थी गृह. गरीब, निराधार मुलांनी तिथे राहावे, शिकावे आणि शिकता-शिकता कामही करावे अशी ती रचना. सोडताना मुलाच्या हातात कसब आणि पाठीशी संस्थेची ओळख असे.

मावळात आज हे करायचे तर नवी इमारत बांधायची गरज नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या यादीत आपले नाव घालता येते. लोणावळ्यातला हॉटेलमालक दोन मुलांना आठ तासांची पाळी आणि बाहेर खोली देऊ शकतो. कारखान्यातला पर्यवेक्षक एका शिकाऊ उमेदवाराची शिफारस करू शकतो. निवृत्त शिक्षक एका मुलाचे अर्ज भरून देऊ शकतो, आणि दवाखान्यात, बँकेत, भाडेकरारावर ‘ओळखीचे’ म्हणून स्वतःचे नाव लावू शकतो. मंडळे, रोटरी-लायन्स क्लब केकचा खर्च एका वर्षापुरता वळवून डिपॉझिटचा फिरता निधी काढू शकतात: एकाने फेडले की दुसऱ्याला.

आणि तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्यात तुमची एखादी खोली रिकामी असेल, आणि दारात एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा बालगृहाचा पत्ता असलेले आधार कार्ड घेऊन उभा राहिला, तर संस्थेच्या अधीक्षकांना एक फोन करा, त्यांचे पत्र घ्या, रीतसर करार करा, डिपॉझिट चार हप्त्यांत घ्या, आणि खोली त्याला द्या.